सगळं बरोबर सांगितलं, म्हणून फोन बँकेचा ठरत नाही

नाशिकरोडच्या पेन्शनरांपासून कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवरच्या कट्ट्यापर्यंत एक समज पक्का आहे: समोरच्याने नाव, जन्मतारीख, खात्याचे शेवटचे चार आकडे अचूक सांगितले की फोन बँकेचाच. साफ चूक. ही माहिती चोरीला जाते, विकलीही जाते.

‘आज केवायसी केली नाही तर रात्री खातं बंद’ हीसुद्धा थापच. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार कमी जोखमीच्या ग्राहकाची केवायसी १० वर्षांतून एकदा अद्ययावत करायची असते. तपशील बदलला नसेल तर स्वघोषणापत्र पुरतं.

मात्र ‘खऱ्या केवायसीत ओटीपी नसतोच’ असंही सरसकट म्हणू नका. आधार-केवायसीत तो येतो. व्हिडिओ केवायसीत कर्मचारी मूळ पॅनकार्ड दाखवायला सांगतो. पण ओटीपी आपण स्वतः टाकायचा, फोनवर कुणाला सांगायचा नाही. पिन तर कुणालाच नाही. फोनवरचा माणूस त्याला आपली स्क्रीन दिसेल असं ॲप डाउनलोड करा म्हणाला, की काका, सरळ फोन ठेवा. उद्धट वाटलं तरी चालेल! मग पासबुकावरच्या नंबरवर स्वतः विचारा, किंवा शाखेत जा.

पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. मुलं रागावतील म्हणून लपवण्यात वेळ जातो, तेवढ्यात रक्कम दोन-चार खाती फिरून जाते.