फरशीची पातळी जुळवणे

घरात दोन वेगळ्या प्रकारच्या जमिनी जिथे मिळतात, तिथला उंचसखलपणा काढण्याच्या कामाला पातळी जुळवणे म्हणतात. गवंडी हा फरक सुतात मोजतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिमी.

फरक पडतो तो जाडीमुळे. जुन्या मोझॅक टाइलची जाडी २० मिमीच्या पुढे असते, व्हिट्रिफाइड टाइलची ८ ते १० मिमी, लॅमिनेटची खालच्या फोमसह १० ते १५, तर विनाइलच्या पट्ट्यांची जेमतेम २ ते ५. सगळे घर नव्याने होत असेल तर हा फरक फरशीखालच्या सिमेंट-वाळूच्या मालाच्या थरातच मुरवता येतो. त्यासाठी पाण्याच्या नळीने किंवा लेझरने सर्व खोल्यांच्या भिंतींवर एकाच पातळीची रेघ मारतात आणि तिथून खाली मोजत प्रत्येक फरशी बसवतात. हे माप पहिली फरशी बसण्याआधीच घ्यायला हवे.

खरी अडचण अर्धवट नूतनीकरणात येते. हॉलमध्ये जुन्या मोझॅकवरच नवी टाइल चिकटवली आणि बेडरूम तशीच ठेवली, तर १० मिमीची टाइल आणि ४ मिमीचा चिकट थर मिळून १४ मिमीची, म्हणजे सुमारे साडेचार सुतांची पायरी दारात उभी राहते. जुना उंबरठा दिसतो, म्हणून माणूस पाय उचलतो. ही बारीक कड मात्र नजरेत येत नाही आणि नेमका अंगठा तिलाच अडकतो. घरात पाय घासत चालणारे आजी-आजोबा असतील तर ती तशी सोडणे धोक्याचेच.

अशा दारात ग्रॅनाइटची उतरती पट्टी बसवणे हा उत्तम उपाय. साडेचार इंची भिंतीच्या जाडीत १४ मिमी उतरवले की उतार साधारण १:८ पडतो. दार बेडरूममध्ये उघडत असेल तर मिटलेली फळी पट्टीच्या सखल टोकाशी येते, त्यामुळे सहसा ती तासावी लागत नाही. उंच झालेली खोली बेडरूम असेल तर मात्र सुताराला बोलवावेच लागते.

एक-दोन सुतांच्या फरकासाठी सखल बाजू भरून घेतात. इथे साध्या सिमेंट-वाळूचा पातळ थर देऊ नये. तो तडकतो आणि ठोकल्यावर पोकळ वाजतो. आपोआप पसरून समतल होणारे तयार मिश्रण वापरावे. त्याआधी जुनी फरशी घासून तेलकटपणा काढणे आणि प्रायमर लावणे चुकवू नये, नाहीतर थर खपलीसारखा सुटतो.

लॅमिनेटच्या कडेला ॲल्युमिनियमची पट्टी लागते, पण ती केवळ शोभेसाठी नसते. पावसाळ्यातल्या दमटपणाने लॅमिनेट फुगते, म्हणून दारातही ८ ते १० मिमी फट सोडावी लागते आणि ती फट पट्टी झाकते. पट्टी खालच्या जमिनीत स्क्रूने बसवावी. लॅमिनेटलाच ठोकली तर त्याला सरकायला जागा उरत नाही आणि मधला भाग उचलला जातो.

बाथरूम आणि बाल्कनी यांची पातळी मात्र खोलीशी जुळवायची नसते. तिथली फरशी खोलीपेक्षा खालीच हवी आणि तिचा ढाळ जाळीकडे हवा. बाथरूममध्ये टाइलवर टाइल बसवताना हा खोलगटपणा बऱ्याचदा भरून जातो, मग जाळी तुंबली की पाणी थेट पलंगाखाली येते. तिथे जुनी फरशी फोडणे आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करणे, एवढा खर्च करावाच लागतो.