ओल्या कचऱ्याचं दुखणं म्हणजे पाणी

भाजीची सालं, देठं, पिवळी पडलेली पानं यांच्या वजनात ८० टक्क्यांच्या आसपास निव्वळ पाणी असतं. कलिंगडाच्या सालीत तर ९० टक्क्यांच्या वर. एक किलो ओला कचरा घंटागाडीत टाकला की पाऊण किलोहून जास्त पाणी डिझेल जाळून नाशिक महापालिकेच्या पाथर्डीच्या खतप्रकल्पापर्यंत जातं. तेच पाणी डब्यातल्या वर्तमानपत्राला लागलं की रद्दीवाला ते घेत नाही आणि दुधाची पिशवी आंबून वास मारू लागते. त्यामुळे घरच्या कचऱ्यातून काही कामाचं काढायचं असेल तर पाण्यापासून सुरुवात करावी लागते. बाटल्यांचे पेनस्टँड आणि फुलदाण्या नंतर. खरं तर त्या नाही केल्या तरी चालतात, कारण रंगवलेली बाटली चार महिन्यांनी पुन्हा कचऱ्यातच जाते आणि रंग लागल्यामुळे भंगारवालाही तिला हात लावत नाही.

चार माणसांच्या घरात रोज अर्धा किलो सालं-देठं निघतात असं धरू. त्यात पाणी ४०० ग्रॅम, उरलेला कोरडा ऐवज १०० ग्रॅम. त्यातला कार्बन सुमारे ४० ग्रॅम, नायट्रोजन अडीच ग्रॅम, म्हणजे प्रमाण १६:१. याचं घरीच खत करायचं तर कुजवणाऱ्या जिवाणूंना ते ३०:१ च्या जवळपास हवं असतं आणि ओलावा ५० ते ६० टक्के. आता यात २०० ग्रॅम वाळका पाला मिसळा. पाल्यात पाणी जेमतेम २० ग्रॅम, कार्बन ८० ग्रॅमच्या आसपास, नायट्रोजन दीडेक ग्रॅम. दोन्हींची बेरीज केली की प्रमाण ३०:१ च्या जवळ येतं आणि ओलावा बरोबर ६० टक्क्यांवर. एकाच पाल्याने दोन्ही कामं होतात. बाजारात मिळणारी कल्चरं, म्हणजे जिवाणूंची विरजणं, हे करू शकत नाहीत. कुजवणारे जिवाणू सालांवर आधीपासूनच असतात, त्यांना कमी पडते ती हवा.

हवा का कमी पडते? पाण्यात प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. सालांमधल्या फटी पाण्याने भरल्या की आतला प्राणवायू थोड्या वेळात संपतो आणि त्याच्याशिवाय जगणारे जिवाणू ताबा घेतात. सडक्या अंड्याचा वास ही त्यांची करणी.

यासाठी २० लिटरच्या, रंगाच्या रिकाम्या तीन बादल्या पुरतात. बाजूंना तीन ओळींत, चार-चार बोटांच्या अंतरावर सहा मिलिमीटरची भोकं पाडा, तळाला सहा-सात. ड्रिल असेल तर उत्तम. तापवलेल्या खिळ्यानेही जमतं, पण धूर निघतो म्हणून ते गच्चीवरच करावं. बादली दोन विटांवर ठेवून खाली जुनं ताट सरकवा. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काथ्या तीन इंच, त्यावर तयार खताच्या दोन मुठी. मग रोज सालं बोटाच्या पेराएवढी चिरून टाकायची, वर पाला टाकायचा आणि दर तिसऱ्या दिवशी काठीने तळापासून हलवायचं. बादली साधारण तीन आठवड्यांत भरते. ती झाकून बाजूला ठेवा आणि दुसरी भरायला घ्या. तिसरी भरेपर्यंत पहिलीला सहा आठवडे मिळतात, आणि तेवढे तिला लागतातच. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो तेव्हा आणखी दोन आठवडे धरा. बादली भिंतीच्या उन्हाच्या बाजूला सरकवली तर थोडा फरक पडतो.

आंबट ताक ओतायची पद्धत बरीच रुळली आहे. त्यातले जिवाणू दही लावणारे, पाला कुजवणारे नव्हेत. फायदा फारसा नाही आणि पाणी मात्र वाढतं.

पाल्याची तजवीज आधीच करावी लागते. पानगळ फेब्रुवारी-मार्चात होते आणि गरज सगळ्यात जास्त पावसाळ्यात पडते, जेव्हा कुठेच कोरडं पान सापडत नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांना रोज २०० ग्रॅम म्हणजे २४ किलो पाला लागतो. हाताने चुरून, दाबून भरला तर तीन गोण्या. सोसायटीच्या आवारातले ढीग पेटायच्या आत उचलावेत. आंब्याची आणि निलगिरीची पानं मेणचट असतात, कुजायला दुप्पट वेळ घेतात. रसवंतीवरची चिपाडं फुकट मिळतात, पण साखरेमुळे मुंग्या धावतात. ती दोन दिवस कडक उन्हात वाळवून मगच तोडावीत. वर्तमानपत्राचे कपटे ओले झाले की पापडासारखे एकमेकांना चिकटतात आणि हवा अडवतात. त्यापेक्षा नालीदार पुठ्ठा फाडून घालणं बरं.

बिघाड नाकाला आधी कळतो. सडक्या अंड्याचा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी: अर्धी बादली उपसून पाला मिसळा. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास आला तर हिरवं, म्हणजे नायट्रोजनवालं, जास्त झालंय, हिवाळ्यात मेथीचे देठ आणि मटाराची टरफलं भरमसाट पडतात तेव्हा हे हमखास होतं. उपाय तोच, पाला. ओलावा तपासायला मूठभर घेऊन घट्ट पिळा. एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर जास्त, आणि मूठ उघडताच भुगा पडला तर पाण्याचा शिपका द्यावा. द्राक्षांच्या दिवसांत चिलटं येतात, त्यासाठी वर कायम दोन इंच पाल्याचं पांघरूण हवं. जाड, मातकट अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या एका काळ्या माशीच्या, चावत नाहीत आणि कचरा झपाट्याने खातात. पण त्या फार झाल्या तर आत ओल जास्त आहे हे ओळखावं.

मिसळीची तर्री बादलीत नको. तेलाचा थर सालांवर बसतो आणि हवा बंद करतो. उरलेला भात-पोळी मूठभर चालेल, त्यावर पाला दुप्पट. निर्माल्यातला झेंडू उत्तम कुजतो, फक्त दोरा आधी ओढून काढा, नाहीतर हलवताना काठीला गुंडाळतो. कुत्र्या-मांजराची विष्ठा आणि रोगट झाडाची पानं अजिबात नकोत. मोठ्या ढिगात उष्णता ५५-६० अंशांवर जाऊन रोगजंतू मरतात. २० लिटरच्या बादलीत ती भिंतींमधून निसटते. घरच्या खतातून टोमॅटोची रोपं फुकट उगवतात ती यामुळेच, कारण बी मरतच नाही.

तयार खताला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. दोन्हींमागचं रसायन एकच, जिओस्मिन. तरी खात्री म्हणून एका वाटीत खत-माती आणि दुसऱ्या वाटीत नुसती माती घेऊन दहा-दहा मेथीदाणे पेरा. खताच्या वाटीत कमी उगवले तर खत कच्चं आहे, दोन आठवडे थांबा. कुंडीत एक भाग खत, तीन भाग माती. नुसत्या खतात झाड करपतं.

इथे अंड्यांच्या टरफलांबद्दल सांगायलाच हवं. सगळीकडे ती कुंडीत घालायचा सल्ला मिळतो. टरफल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, जे आम्ल मातीतच नीट विरघळतं. नाशिकची काळी माती बेसाल्ट खडकाची, मुळात अल्कधर्मी, आणि कित्येक ठिकाणी चुनखडीची. चुनखडीमुळे झाडाला लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात, हे इथल्या द्राक्षवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. अशा मातीत आणखी चुना घालून काय साधणार? चुलीची राखही त्याच कारणाने नको. चहाचा चोथा मात्र घाला, पण दूध-साखर निघेपर्यंत धुऊन, नाहीतर मुंग्या आणि बुरशी.

तळणीचं तेल मोरीत ओतलं की पाइपात थिजतं. त्याचा साबण होतो, तो भांड्यांना आणि फरशीला वापरावा, अंगाला नाही. ५०० ग्रॅम गाळलेलं तेल (सोयाबीन, सूर्यफूल किंवा शेंगदाणा), ६४ ग्रॅम कॉस्टिक सोडा, १६० ग्रॅम पाणी. सोडा वजनकाट्यावर मोजायचा, चमच्याने नाही. तो हवेतली ओल शोषतो म्हणून सीलबंद डब्यातलाच घ्यावा. रबरी हातमोजे आणि चष्मा घालून, मुलं घरात नसताना, खिडकीशी उभं राहून करायचं. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. ॲल्युमिनियमवर सोडा पडला की हायड्रोजन वायू उसळतो आणि भांड्याची चाळण होते. सोडा नेहमी पाण्यात टाकायचा. उलटं केलं तर एका जागी उकळी फुटून अंगावर उडतं. मिश्रण कोमट झालं की तेलात ओतून जुन्या रवीने घोटत राहा. रवीची रेघ वर उमटून राहायला लागली की रिकाम्या दुधाच्या खोक्यात ओता. हाताने घोटलं तर तासभरही लागतो, आणि बहुतेक जण नेमके तिथेच कंटाळून सोडतात. दोन दिवसांनी वड्या पाडून चार आठवडे वाऱ्यावर ठेवा. वडीवर पाणी सुटलेलं दिसलं आणि ते बोटाला झोंबलं तर सोडा जास्त झालाय, ती वापरू नका. खोबरेल तेलाला सोडा बराच जास्त लागतो, ते यात मिसळू नका. सोडा अंगावर उडाला तर १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. त्यावर लिंबू चोळणं घातक.

संत्र्या-लिंबाच्या सालांचं ‘बायोएन्झाइम’ आता घरोघरी दिसतं: १०० ग्रॅम गूळ, ३०० ग्रॅम सालं, एक लिटर पाणी, तीन महिने. बाटली प्लास्टिकची आणि निम्मी रिकामी ठेवावी. पहिला महिनाभर झाकण रोज सैल करावं लागतं, नाहीतर वायूने ती फुटते. शेवटी हाती येतं ते मुख्यतः सौम्य व्हिनेगरच. बोअरच्या पाण्याने नळाला धरलेले पांढरे डाग त्याने छान निघतात. पण शहाबादी फरशी आणि कडप्प्याचा ओटा दोन्ही चुनखडकाचे, त्यांची चकाकी ते खातं. ब्लीचिंग पावडरीत तर चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

कांद्याची वाळकी टरफलं बादलीत संथ कुजतात, म्हणून ती वेगळी साठवावीत. त्यांच्यातलं क्वेर्सेटिन हे रंगद्रव्य सुती कापडाला सोनेरी पिवळा रंग देतं. १०० ग्रॅम जुन्या सुती कापडाला १०० ग्रॅम टरफलं लागतात. कापड रात्रभर १५ ग्रॅम हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात, मग तासभर १५ ग्रॅम तुरटीच्या गरम पाण्यात. टरफलं तीन लिटर पाण्यात पाऊण तास उकळून गाळा आणि कापड त्यात मंद आचेवर पाऊण तास ठेवा. हिरड्याशिवाय रंग दोन धुण्यांत उतरतो, कारण सुती धागा तुरटी एकट्याने धरत नाही. पॉलिस्टर मिसळलेलं कापड फिकंच रंगतं, कारण पॉलिस्टरचा धागा हा रंग घेत नाही. उन्हात हा रंग विटतो, म्हणून पडद्यापेक्षा उशीच्या अभ्र्याला बरा.

ओलं वेगळं निघालं की सुक्याचं काम फार उरत नाही. रद्दी कोरडी ठेवायची आणि डबे पालथे. चिप्सच्या पुड्यांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर चिकटलेले असतात, त्यामुळे त्यांना भंगारात भाव नाही. त्या घडी करून एका पिशवीत कोंबा आणि सुक्या कचऱ्यात द्या. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, एका बाजूने जोडलेला राहू द्या. सुटलेला तुकडा इतका लहान असतो की कचरा निवडणाऱ्याच्या हाती तो लागतच नाही. पिशवी आतून विसळून दोरीवर उलटी वाळवली की वास न येता महिनाभर साठवता येते.