आधी प्रश्न आला, मग विद्याशाखा जवळ आल्या

बहुतेक विद्यापीठांच्या अहवालात आंतरविद्याशाखीय, म्हणजे अनेक विषय जोडणाऱ्या, संशोधनाचं प्रकरण वेगळं असतं आणि विस्तारकार्याचं, म्हणजे विद्यापीठाने बाहेर लोकांमध्ये केलेल्या कामाचं, वेगळं. पहिल्यात प्रकल्प, निधी आणि शोधनिबंध. दुसऱ्यात शिबिरं आणि व्याख्यानं. मागे जाऊन पाहिलं तर ही फारकत बरीच उशिराची आहे. लोकांकडून येणारा प्रश्न कोणत्याही एका विभागाचा नसतो, त्यामुळे विद्यापीठ जेव्हा जेव्हा लोकांमध्ये गेलं, तेव्हा त्याला आपल्या विषयांच्या सीमा ओलांडाव्या लागल्या.

या सीमाही फार जुन्या नाहीत. १८१० मध्ये बर्लिन विद्यापीठ सुरू झालं आणि अध्यापनाला संशोधनाची जोड देणारा आदर्श तिथून पसरला. पुढच्या शतकभरात रसायनशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, भाषाशास्त्र, इतिहास अशा विषयांची स्वतंत्र अध्यासनं, प्रयोगशाळा आणि नियतकालिकं उभी राहिली. त्यातून ज्ञानाला आलेली खोली नाकारता येणार नाही. पण दोन विषयांच्या मधल्या जागेत पडलेल्या प्रश्नाला वाली उरला नाही.

इंग्लंडमध्ये बाहेर पडायचा रस्ता जेम्स स्टुअर्ट या केंब्रिजच्या तरुण अध्यापकाने दाखवला. १८६७ पासून तो उत्तरेकडच्या औद्योगिक शहरांत स्त्रियांसाठी आणि कामगारांसाठी व्याख्यानं देत होता. रॉचडेलच्या सहकारी संस्थेच्या सभागृहात एकदा घाईत निघताना त्याने आपल्या आकृत्या भिंतीवरच राहू दिल्या. पुढच्या आठवड्यात परत आल्यावर सभागृहाच्या रखवालदाराने त्याला सांगितलं, की सभासदांनी त्या आकृत्यांवर चर्चा केली, त्यांना बरंच काही विचारायचं आहे आणि त्यासाठी ते आज व्याख्यानाआधीच येणार आहेत. व्याख्यानाला जोडून प्रश्नोत्तरांचा वर्ग घ्यायची पद्धत अशी पडली. १८७३ मध्ये केंब्रिजने ही योजना अधिकृतपणे स्वीकारली आणि ‘विद्यापीठ विस्तार’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की या पद्धतीला आकार दिला तो श्रोत्यांच्या प्रश्नांनी.

अमेरिकेत हेच काम जमिनीपासून सुरू झालं. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं काढण्यासाठी सरकारी जमिनी दिल्या. १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोग केंद्रांची जोड मिळाली. अशाच एका केंद्रातलं, विस्कॉन्सिनमधलं, एक उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखं आहे. तेव्हा लोणी-चीजच्या कारखान्यांत दुधाचे पैसे वजनावर मिळत. साय काढून किंवा पाणी घालून दूध देणाऱ्याला आणि सकस दूध देणाऱ्याला भाव सारखाच. स्टीफन बॅबकॉक या रसायनशास्त्रज्ञाने १८९० मध्ये त्यावर सोपी चाचणी काढली. अरुंद मानेच्या बाटलीत मोजून दूध घ्यायचं, त्यात तीव्र गंधकाम्ल घालायचं, बाटली यंत्रात गरगर फिरवायची आणि गरम पाणी घालून वर आलेलं स्निग्धांश मानेवरच्या खुणांवर वाचायचं. आम्ल बाकीचं सगळं विरघळवतं, स्निग्धांश तेवढं राहतं. थोड्या सरावाने कारखान्यातला माणूसही ती करू शके. बॅबकॉकने तिचं पेटंट घेतलं नाही. मग दुधाचा मोबदला स्निग्धांशावर ठरू लागला, भेसळ परवडेनाशी झाली आणि कोणत्या गाईची पैदास वाढवायची हेही शेतकऱ्याला कळू लागलं. रसायन, बाजारभाव आणि पशुपैदास यांचा असा मेळ बसला, कारण मूळ तक्रारीतच तिन्ही गोष्टी एकत्र होत्या.

हे केंद्र ज्याचं होतं त्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भूमिका घेतली, की विद्यापीठाचा लाभ राज्यातल्या प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचला पाहिजे. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने कृषी विस्ताराला कायमचा सरकारी निधी दिला. माझ्या मते इथे एक नुकसानही झालं. विस्ताराचं स्वतंत्र खातं तयार झालं आणि ज्ञान आतून बाहेर पोहोचवणं एवढंच त्याचं काम मानलं जाऊ लागलं. बाहेरचा प्रश्न आत येण्याची वाट अरुंद झाली.

ती वाट भारतात रवींद्रनाथ ठाकूरांनी वेगळ्या रीतीने मोकळी केली. त्यांच्या विश्वभारती विद्यापीठाचा भाग म्हणून १९२२ मध्ये शांतिनिकेतनजवळच्या सुरूल गावी ग्रामपुनर्रचनेचं केंद्र सुरू झालं, तेच पुढे श्रीनिकेतन म्हणून ओळखलं गेलं. त्याचे पहिले संचालक लिओनर्ड एल्महर्स्ट कॉर्नेलमध्ये, म्हणजे मॉरिल कायद्याच्याच परंपरेतल्या विद्यापीठात, शेती शिकून आले होते. मलेरियाने खंगलेल्या गावात शेतीसुधारणा एकट्याने चालत नाही, हे तिथे लगेच दिसलं. त्यामुळे आरोग्य, सहकार, हस्तोद्योग, शिक्षण आणि शेती ही कामं एकाच केंद्रातून हाती घेतली गेली.

संशोधनाच्या बाजूने विषय जोडण्याचे प्रयत्न मात्र निराळ्या दिशेने गेले. १९२३ मध्ये अमेरिकेत सामाजिक शास्त्रांची एकत्रित संशोधन परिषद स्थापन झाली. दुसऱ्या महायुद्धात रडारसारख्या कामांसाठी भौतिकशास्त्रज्ञ, अभियंते आणि गणिती एका छताखाली आले. या प्रयोगांचं यश मोठं होतं, पण तिथे प्रश्न विचारणारं बहुधा सरकार किंवा लष्कर असे. सामान्य माणूस त्या खोलीत नव्हता.

त्याला पुन्हा आत घेतलं ते १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या ‘विज्ञान दुकानां’नी. संशोधनाचा खर्च न परवडणाऱ्या नागरिक गटांनी आपला प्रश्न तिथे आणायचा आणि विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली तो अभ्यासाचाच भाग म्हणून सोडवायचा, अशी ती रचना. भारतात १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली होती. १९७७ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापन आणि संशोधनाच्या बरोबरीने विस्तार ही विद्यापीठाची तिसरी जबाबदारी ठरवली. १९९० मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी अध्यापकाच्या विद्वत्तेचे चार प्रकार मांडले: शोध, संकलन, उपयोजन आणि अध्यापन. त्यातलं संकलन म्हणजे विषय जोडणं आणि उपयोजन म्हणजे समाजाच्या प्रश्नाला भिडणं. या चौघांनाही सारखाच मान द्यावा, असा त्यांचा आग्रह होता.

तो आग्रह धोरणांच्या भाषेत उतरला, बढतीच्या निकषांत पुरेसा उतरला नाही. एखाद्या तरुण अध्यापिकेने वर्षभर गावकऱ्यांबरोबर विहिरींची पातळी मोजली, पाण्याचा हिशेब मांडला आणि त्यासाठी भूगर्भशास्त्र, हिशेबशास्त्र आणि समाजशास्त्र तिन्ही वापरलं, तरी अर्ज भरताना बहुतेक ठिकाणी तिला अजूनही हे काम एकाच विषयाच्या रकान्यात बसवावं लागतं.