चीनमधे प्रत्येक माणसाला मार्क मिळतात म्हणे!

सिग्नल तोडला की मार्क कमी, सरकारविरोधात बोललं की मार्क कमी, मग विमानाचं तिकीटच बंद... हा मेसेज इतकी वर्षं फिरतोय की आता लोक तो पुराव्यासारखा सांगतात. पण अख्ख्या देशाला एकच स्कोअर असं काही चीनमधे नाहीये.

घोळ कुठे झाला ते बघा. 2014 मधे तिथल्या स्टेट कौन्सिलने, म्हणजे मंत्रिमंडळाने, 2020 पर्यंतचा सोशल क्रेडिटचा (कोण किती विश्वासार्ह ते बघण्याच्या व्यवस्थेचा) आराखडा काढला, त्यातला मोठा भाग कंपन्या, भेसळ, टॅक्स, सरकारी खात्यांचा कारभार यांच्याबद्दल होता. दुसऱ्या वर्षी अलिबाबाच्या गोटातल्या अँट कंपनीने सेसमी क्रेडिट आणलं, त्यात मात्र खरंच आकडा मिळायचा, पण ते खासगी आणि ऐच्छिक, डिपॉझिट न भरता सायकल भाड्याने मिळावी असल्या कामाचं. आणि शानडोंग प्रांतातल्या रोंगचंग शहराने लोकांसाठी 1000 मार्कांपासून सुरू होणारा प्रयोग केला. बाहेरच्या पेपरवाल्यांनी तिन्हीची मिसळ केली, झालं.

तिकीट बंदी मात्र खरी आहे बरं का! पण ती मार्कांमुळे नाही, कोर्टाचा निकाल लागूनही पैसे न भरणाऱ्यांची यादी सुप्रीम पीपल्स कोर्ट 2013 पासून जाहीर करतं, त्यात नाव आलं की विमान आणि हायस्पीड रेल्वे बंद.

म्हणजे तिथे पाळत नाही असं अजिबात नाही, वायव्येकडच्या शिंजियांग प्रांतात उइघुर या मुस्लिम अल्पसंख्याक लोकांवर जी नजर ठेवली जाते ती भयंकरच आहे. फक्त त्याला कम्युनिस्ट पार्टी आणि पोलीस पुरतात, स्कोअर कशाला लागतोय.