ध्वनीत अक्षरं सुटी नसतात, तरी ती ऐकू कशी येतात?

दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या अमेरिकन सैनिकांसाठी वाचनयंत्र बनवण्याचं काम १९४४ मध्ये हास्किन्स प्रयोगशाळेने हाती घेतलं. यंत्राने छापील ओळीवरून प्रकाशझोत फिरवायचा, अक्षराच्या आकाराप्रमाणे सूर काढायचे आणि ऐकणाऱ्याने त्या सुरांवरून अक्षरं ओळखायची, अशी योजना होती. यंत्राची बाजू फ्रँकलिन कूपर यांनी सांभाळली, ऐकणाऱ्याची मानसशास्त्रज्ञ अल्विन लिबरमन यांनी. तऱ्हेतऱ्हेचे सूर वापरून पाहिले, भरपूर सराव करून घेतला, पण वेग मोर्स कोडच्या पुढे काही जाईना. साध्या गप्पांत सेकंदाला १० ते १५ वर्ण कानावर पडतात. सुटे सूर तेवढ्या वेगाने वाजवले की त्यांचा क्रम लागत नाही, नुसती घरघर उरते. मग बोलणं मात्र त्याच वेगाने सहज कसं समजतं? बोलणं कसं ऐकलं जातं, याचा आधुनिक अभ्यास या फसलेल्या यंत्रामुळे मार्गी लागला.

मेंदूतली जागा शोधण्याचं काम त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं. १८७४ मध्ये २६ वर्षांच्या कार्ल वेर्निके यांनी काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. हे रुग्ण भराभर बोलत, पण बोलणं अर्थहीन असे आणि समोरच्याचं बोलणंही त्यांना उमगत नसे. दोष डाव्या शंखखंडाच्या, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाच्या, मागच्या बाजूला होता. ‘शब्दबधिरता’ त्याहून विलक्षण आहे. त्यात दाराची घंटा ऐकू येते, वाचता येतं, स्वतः नीट बोलताही येतं, पण दुसऱ्याचं बोलणं परकी भाषा वाटतं. म्हणजे कान शाबूत असूनही शब्द हरवू शकतात. मात्र ध्वनीचा शब्द होताना नेमकं काय घडतं, हे या नोंदींवरून कळण्यासारखं नव्हतं.

ते पाहायला आवाजाचं चित्र हवं होतं. बेल प्रयोगशाळेने १९४० च्या दशकात स्पेक्ट्रोग्राफ बनवला. त्याच्या एका कागदावर २.४ सेकंदांचा आवाज उमटे: आडवा काळ, उभी वारंवारता आणि जोर जितका जास्त तितका काळा रंग. घशातोंडाच्या पोकळीत घुमून जोर धरणाऱ्या वारंवारतांचे जाड पट्टे त्यात दिसतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात. कूपर यांनी १९५० च्या सुमाराला याच्या उलट काम करणारं यंत्र तयार केलं, ‘पॅटर्न प्लेबॅक’. पारदर्शक फिल्मवर कुंचल्याने पांढरे पट्टे रंगवायचे आणि यंत्राने ते वाचून आवाज काढायचा. १२० हर्ट्झच्या पटीतले ५० सूर त्यात होते, त्यामुळे आवाज एकसुरी येई. पण एकेक पट्टा पुसून किंवा वळवून ऐकणाऱ्याला काय ऐकू येतं, हे पहिल्यांदाच तपासता आलं.

उत्तर धक्कादायक होतं. इंग्रजी ‘डी’मध्ये दुसरा फॉर्मंट, म्हणजे खालून दुसरा पट्टा, साधारण २२०० हर्ट्झवरून २६०० पर्यंत चढतो. ‘डू’मध्ये तोच १२०० वरून ७०० पर्यंत उतरतो. चित्रं अगदी उलट, तरी कानाला दोन्हीकडे ‘ड’च ऐकू येतो. बरं, ती सुरुवातीची वळणंच तेवढी कापून ऐकवली तर ‘ड’ ऐकूच येत नाही, शीळ किंवा पाखराची चिवचिव वाटते. जीभ व्यंजनासाठी टेकलेली असतानाच तोंड पुढच्या स्वराच्या तयारीला लागलेलं असतं, म्हणून एका क्षणाच्या ध्वनीत दोन वर्णांची माहिती मिसळलेली असते. लिहिताना आपण अक्षरं सुटी मांडतो. ध्वनीत ती तशी नसतातच. वाचनयंत्राचे सूर सुटे होते, म्हणून ते हरलं.

१९५७ मध्ये याच गटाने ‘ब’पासून ‘ड’मार्गे ‘ग’पर्यंत १४ समान पायऱ्यांचे आवाज बनवले. ऐकणाऱ्यांना मधले आवाज संदिग्ध वाटले नाहीत, ठरावीक जागी एकदम वर्ण बदलल्यासारखा वाटला. एकाच वर्णात मोडणाऱ्या दोन पायऱ्यांतला फरक त्यांना जेमतेम कळे, सीमेच्या दोन बाजूंचा चटकन कळे.

सीमा कुठे पडते, हे भाषेवर ठरतं. इथे मराठीचा थेट संबंध येतो. लिस्कर आणि अब्रॅमसन यांनी १९६४ मध्ये ११ भाषांतली स्पर्श व्यंजनं मोजली, त्यांत हिंदी आणि मराठीही होत्या. तोंडातला अडथळा सुटतो तो क्षण आणि स्वरतंतू कंप पावू लागतात तो क्षण, यांतलं अंतर त्यांनी मिलिसेकंदांत घेतलं. ‘ग’मध्ये कंप अडथळा सुटण्याआधीच सुरू होतो, ‘क’मध्ये सुटल्यावर लगेच आणि ‘ख’मध्ये बऱ्याच उशिराने. इंग्रजीत शब्दारंभीचा ‘ग’ बहुधा आपल्या ‘क’च्या जागी पडतो, म्हणून आपला ‘क’ इंग्रजी कानाला ‘ग’ वाटू शकतो. पण ‘ग’ आणि ‘घ’ या एका मापाने वेगळे होईनात. दोन्हींत कंप आधीच सुरू झालेला असतो, खरा फरक अडथळा सुटल्यानंतरच्या श्वासमिश्रित आवाजात आहे. एका आकड्यात सगळी व्यंजनं बसत नाहीत, हे इतकं स्पष्ट दाखवण्याचं श्रेय आपल्या महाप्राण वर्णांना द्यायला हवं.

ही क्षमता जन्मजात की शिकलेली? १ आणि ४ महिन्यांच्या बाळांना ‘ब’ आणि ‘प’ यांतला भेद कळतो, हे १९७१ मध्ये चोखणी चोखण्याचा वेग मोजून दिसलं; आवाज नवा वाटला की बाळ भराभर चोखतं. वर्कर आणि टीस यांनी १९८४ मध्ये हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ इंग्रजी घरांतल्या बाळांना ऐकवले. ६ ते ८ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, १० ते १२ महिन्यांच्या फार थोड्यांना. बाळ आपल्या भाषेसाठी कान घडवतं आणि नको असलेले भेद मागे पडतात.

लिबरमन यांनी १९६७ मध्ये मांडलं, की ऐकणारा ध्वनीतून बोलणाऱ्याच्या तोंडाच्या हालचाली ओळखतो. पण १९७५ मध्ये चिंचिला या उंदीरवर्गीय प्राण्यालाही ‘ड’ आणि ‘ट’ यांची सीमा जवळपास माणसासारखीच शिकता आली. चिंचिला काही बोलत नाही, त्यामुळे हा सिद्धान्त मूळ रूपात टिकणं कठीण झालं.

मेंदू शब्द संपण्याची वाटही पाहत नाही. ‘पाव’ एवढं ऐकताच पाव, पावती, पावडर, पावसाळा हे सगळे उमेदवार जागे होतात आणि पुढच्या ध्वनीबरोबर गळत जातात. मधला एक वर्ण खोकल्याने झाकला, तरी संदर्भावरून तो ऐकू आल्यासारखा वाटतो. वॉरन यांनी हे १९७० मध्ये दाखवलं.

२०१४ मध्ये अपस्माराच्या रुग्णांच्या शंखखंडावर ठेवलेल्या इलेक्ट्रोडवरून नोंदी घेतल्या गेल्या. एकेक जागा एका वर्णाला नव्हे, वर्णांच्या गटाला प्रतिसाद देत होती: स्पर्श (प, ट), ऊष्म (स, श), अनुनासिक (म, न). उच्चारस्थानापेक्षा उच्चाराची रीत अधिक ठळक होती.

गोंगाटातही असाच भेद दिसतो. मिलर आणि नाइसली यांनी १९५५ मध्ये मोजलं, की गोंगाट बोलण्यापेक्षा १२ डेसिबलने मोठा असला तरी घोष (स्वरतंतूंचा कंप) आणि अनुनासिकत्व कळतं, पण उच्चारस्थान नीट कळायला बोलणंच गोंगाटाच्या ६ डेसिबल वर असावं लागतं. स्थानाची माहिती बरीचशी उंच वारंवारतांत असते आणि उतारवयात आधी तिथलंच ऐकणं कमी होतं. ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत’ ही तक्रार त्यातून येते. ओरडून बोलल्याने मुख्यतः स्वर मोठे होतात, व्यंजनं त्या प्रमाणात उघडत नाहीत. समोर, उजेडात बसून सावकाश बोललेलं मात्र कळतं, कारण ‘प’ की ‘त’ हे ओठांवर दिसतं. मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी १९७६ मध्ये ‘बा’ ऐकवून ‘गा’ म्हणणारे ओठ दाखवले, तर बहुतेक प्रौढांना ‘डा’ ऐकू आला. शुद्ध सुरांच्या ऑडिओग्रामवर, म्हणजे किती हळू सूर ऐकू येतो याच्या आलेखावर, यातलं काही दिसत नाही, म्हणून श्रवणचाचणीत शब्द ओळखण्याची चाचणीही करून घ्यावी, आणि ती रुग्णाच्या मातृभाषेतली असावी.