लंडनच्या मातीत मुरलेली उष्णता

१९०६ साली लंडनच्या भुयारी रेल्वेची बेकरलू लाइन सुरू झाली, तेव्हा भर उन्हाळ्यातही आत पारा १६ अंशांच्या वर जात नाही, अशी जाहिरात झाली होती. आज त्याच मार्गावर जुलैत घामाच्या धारा लागतात. १९००च्या सुमारास बोगद्यांभोवतालची चिकणमाती साधारण १४ अंश सेल्सिअस होती. आता ती काही ठिकाणी २६ अंशांपर्यंत तापली आहे.

गर्दीवर खापर फोडणं सोपं, पण माणसांच्या अंगच्या उष्णतेचा वाटा किरकोळ. खरी तापट गाडीच! तिचा वेग ब्रेक लागताच उष्णतेत बदलतो, आणि इथे तर दर दोन-तीन मिनिटांनी स्टेशन. ही उष्णता शंभर वर्षं माती मुकाट पोटात घेत राहिली. विस्तव काढला तरी चूल गरम राहते, तशी रात्री गाड्या थांबल्या तरी ती निवत नाही.

मग एसी बसवा की! पण एसी उष्णता संपवत नाही, डब्यातली काढून बाहेर टाकतो. खोल बोगद्यांचा व्यास जेमतेम साडेतीन मीटर, गाडी त्यात घट्ट बसणारी. टाकणार कुठे? उथळ, रुंद बोगद्यांच्या मार्गांवर २०१०पासून एसी गाड्या आल्या, खोल मार्ग मात्र तापतच राहिले. २००३मध्ये महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी उपाय सुचवणाऱ्याला एक लाख पौंडांचं बक्षीस लावलं. ते कुणालाच मिळालं नाही.

मुळात उष्णता कमी निर्माण करणं जास्त शहाणपणाचं. १९००च्या सेंट्रल लाइनवर बरीच स्टेशनं मुद्दाम उंचवट्यावर बांधली आहेत. येताना चढावर गाडीचा वेग आपोआप मरतो, निघताना उतार तिला ढकलतो. ब्रेकही कमी, वीजही कमी. आताच्या बऱ्याच गाड्यांत ब्रेक लावताना मोटरच जनित्र होते आणि वीज रुळांवाटे परत पाठवते. अर्थात ती वापरायला त्या वेळी जवळपास दुसरी गाडी हवी.

आणि साचलेल्या उष्णतेचं काय? इस्लिंग्टन भागात १९२२ साली बंद पडलेलं सिटी रोड स्टेशन आहे. २०२०पासून तिथल्या जुन्या विवरातून मोठा पंखा नॉर्दर्न लाइनची गरम हवा ओढतो. तिची उष्णता नळ्यांमधल्या पाण्याला मिळते, उष्मा-पंप ती आणखी चढवतो आणि गरम पाणी हजाराहून अधिक घरांना ऊब देतं. उन्हाळ्यात तोच पंखा उलटा फिरवून बोगद्यात हवा सोडता येते.