मतदानाच्या दिवशी कोयता कुठे होता?

2024 साली ऊसगाळपाचा हंगाम 15 नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला झालं. तोवर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या कितीतरी घरांना कुलपं लागली होती. मतदार यादीत नाव होतं, पण माणूस कोल्हापूर-सांगलीकडे किंवा थेट कर्नाटकात, उसाच्या फडात होता.

राजकारणात भाग घ्यायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि सभेत बोलण्याची, अर्ज लिहिण्याची सवय लागते, अशी मांडणी अमेरिकेतल्या राज्यशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात केली. पैसा आणि सवय शिक्षणाबरोबर वाढतात, म्हणून तिकडे सुखवस्तू माणूस गरिबापेक्षा जास्त मतदान करतो. आपल्याकडे तसं होत नाही. खेड्यातला, गरीब, दलित मतदार केंद्रावर येण्यात मागे नसतो, हे 1990 नंतरच्या सर्वेक्षणांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. 2024 च्या त्याच निवडणुकीत कोल्हापूर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांच्या करवीरमध्ये 84 टक्क्यांवर मतदान झालं, तर मुंबईच्या कुलाब्यात 45 टक्केही नाही. म्हणून गरिबाला मताची किंमत कळत नाही, असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

त्याला मत देणं परवडतं का, हे पाहायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, आगाऊ घेतलेली उचल तोडलेल्या उसाच्या टनावर फिटते. मतदानासाठी गावी जायचं तर दोघांचं एसटीचं भाडं, बुडालेली तोड आणि वर खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी असं कायदा सांगतो, पण टनावर राबणाऱ्याला ती देणार कोण? मुकादम म्हणेल, कारखान्याला विचारा. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवेल. मग उमेदवाराने गाडी पाठवली तरच गावी जाणं होतं, आणि त्या गाडीतून उतरणाऱ्याचं मत कितपत मोकळं राहत असेल?

केंद्रावर येऊ न शकणाऱ्यांची सोय कायद्याला माहीत नाही असंही नाही. सैनिक, निवडणूक ड्युटीवरचे कर्मचारी यांना टपाली मतदान आहे. 85 वर्षांवरच्या मतदारांना घरून मत देता येतं. स्थलांतरितांसाठी निवडणूक आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. एकाच यंत्रावर 72 मतदारसंघांचं मतदान घेता येईल, अशी त्याची रचना होती. राजकीय पक्षांनी शंका घेतल्या आणि प्रस्ताव तिथेच अडला. शंका रास्तही असतील, पण फडातला माणूस आजही तिथेच आहे.

मतदान पाच वर्षांतून एकदाचं. गावच्या पाण्याचा, रस्त्याचा, घरकुलाच्या यादीचा विषय निघतो तो ग्रामसभेत. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला हे लोक उसात असतात. 2012 आणि 2017 मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुका फेब्रुवारीत झाल्या, म्हणजे ऐन तोडीच्या दिवसांत.